पलंगाखालची बाग

आषाढ लागला की आमच्या घरात एक काम वाढतं. पलंगाखाली आंब्याची तीन खोकी आहेत. दर पंधरा दिवसांनी ती बाहेर ओढायची, वरची वाळू हातानं बाजूला सारायची आणि आतला एकेक कंद दाबून बघायचा. घट्ट लागला तर ठीक. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हबका मारायचा, तुळशीपत्रानं शिंपडतो तेवढाच. आणि बोट आत रुतलं तर नाक जवळ न्यायची गरजच नाही, वास आपणहून वर येतो. एक कुजला की तो शेजारच्या दोघांना घेऊन जातो, म्हणून हे दाबून बघणं. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काही न बोलता केरसुणी बाजूला ठेवली आणि दारात उभ्या राहिल्या. घरात वाळूत काहीतरी पुरून ठेवलंय आणि बाई ते उकरून बघताहेत, म्हटल्यावर दुसरं काय करणार?

ते माझे डेलिये. डिसेंबर ते फेब्रुवारी फुलतात. उरलेले दिवस ते एक तर कुंडीत नुसती पानं घेऊन उभे असतात, नाही तर पलंगाखाली असतात. वर्षाचा हिशेब मांडला तर डेलियाची बाग म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ न दिसणारी बाग.

नावापासूनच या फुलाची पंचाईत आहे. मी फोनवर ‘डेलिया’ लिहिते आणि फोन त्याचा ‘दलिया’ करतो. एकदा बहिणीला ‘माझा दलिया यंदा ताटाएवढा झालाय’ असा निरोप गेला. तिनं उलट विचारलं, कुकरला किती शिट्ट्या दिल्यास? झेंडू, शेवंती, गुलछडी अशी घरगुती नावं बाकीच्यांना मिळाली, याला नाही. वास्तविक झेंडू आणि गुलछडी दोघंही याच्याच गावचे, मेक्सिकोचे. झेंडू तर याचा भाऊबंद, एकाच कुळातला. पण झेंडू आला आणि दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. आता त्याच्याशिवाय सण होत नाही आणि तो परका आहे असं सांगितलं तर लोक भांडायला उठतात. गुलछडी निशिगंध होऊन हारात गेली. डेलिया मात्र पाहुणा आला तो पाहुणाच राहिला, आणि तोही बंगल्यांच्या आवारात.

माझ्या सासूबाई गुहागरच्या. त्यांच्या माहेरच्या परसात प्रत्येक झाडाला नेमून दिलेलं काम होतं. जास्वंद गणपतीला, तगर रोजच्या पूजेला, अबोली वेणीला, अनंत वासाला. लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत त्यांनी डेलिया पाहिलाच नव्हता, आणि त्यात नवल नाही. हे फूल मूळचं डोंगराळ भागातलं. त्याला उन्हं हवीत पण रात्र गार हवी. कोकणातल्या दमट हवेत त्याचा जीव रमत नाही. पुण्याच्या थंडीत, महाबळेश्वर-पाचगणीला तो खुलतो. माझा पहिला डेलिया पाचगणीचाच, शाळेच्या सहलीतला. एका बंगल्याच्या दगडी कुंपणावर ओणवा झालेला, माझ्या तोंडाएवढा. आम्ही पोरींनी एकेकीनं त्याच्याशेजारी तोंड नेऊन मापं घेतली होती.

“वास नाही, माळता येत नाही, ओवता येत नाही,” आई म्हणायच्या. आई म्हणजे सासूबाईच. “देवाला वाहिला तर देव दिसायचा नाही. मग हा कशाला?”

“बघायला,” मी म्हणायचे.

“बघायला!” असं म्हणून त्या परातीत तांदूळ निवडत बसायच्या. त्यांच्या लेखी तो विषय तिथं संपलेला असे.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. एका रोपवाटिकेतून पोस्टानं पाच कंद मागवले होते. पाचांची दहा रोपं करायची हाव सुटली. बटाट्याचं बेणं कापतात हे माहीत होतं, त्याच हिशेबानं प्रत्येक कंद मधोमध कापला, राख लावली आणि दहा कुंड्या भरल्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंड्यांपुढे हजेरी. महिना गेला. चार कुंड्यांत कोंब आले, सहांत काही नाही. न राहवून एक उकरली तर खाली कंद शाबूत! उलट त्याला पांढरी बारीक मुळंही फुटलेली. म्हणजे जिवंत आहे, पाणी पितोय, पण वर यायचं नाव नाही.

या कंदाची गंमत नंतर कळली. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कारण बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेला खोडाचा भाग. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याला अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते वरच्या टोकाला, जिथं कंदाचा निमुळता गळा जुन्या खोडाच्या बुडख्याला चिकटतो तिथं, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यात. तिथं बारीक पुळीसारखा उंचवटा दिसतो. कधी तांबूस, कधी नुसता कातडीच्या रंगाचा, तिरप्या उजेडात धरला तरच कळेल असा. कंद कितीही गुबगुबीत असो, गळ्याचा तो तुकडा त्याच्याबरोबर आला नसेल तर तो आंधळा. तो वर्षभर कुंडीत सुखानं पडून राहील आणि कोंब काही देणार नाही. माझे सहा असे आंधळे. शिवाय गळा मोडलेले असतील तर तेही गेलेच. गळ्यापाशी कातडी चरकली की वरचं आणि खालचं यांचा संबंध तुटतो. म्हणून कंद उचलताना शेपटीकडून उचलायचा नाही, घोसाखाली दोन्ही हात घालायचे, तान्ह्या बाळाची मान धरतो तसे.

आता मी गणपती गेले की खोकी उघडते आणि कंद ओलसर कोकोपीटवर मांडून डोळे जागे व्हायची वाट बघते. कोंब दिसल्याशिवाय कुंडी नाही. परतीचा पाऊस एकदाचा गेला की लागवड. कुंडी बारा इंची तरी हवी. माती, जुनं शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. बांबूची काठी कंद ठेवतानाच रोवायची. नंतर रोवायला गेलात तर ती नेमकी कंदाच्या पोटातून जाते, हे मी दोन कंद घालवून शिकले आहे. आणि कोंब चांगला वर येईपर्यंत पाण्याचा हात आखडता. एवढं सांगूनही लोक पहिल्या दिवशी कुंडी तुडुंब भरतात आणि मग ‘तुमचा कंद खराब होता’ म्हणतात.

खताचं एक शहाणपण मला वरच्या मजल्यावर काही वर्षं राहिलेल्या बंगाली कुटुंबाकडून मिळालं. बंगालात डेलियाचं वेड आपल्या कल्पनेपलीकडचं आहे, गच्चीगच्चीवर कुंड्या. ते मोहरीची पेंड पाण्यात आठवडाभर कुजवतात आणि ते पाणी पातळ करून देतात. फुलं अशी येतात की विचारू नका, आणि वास असा येतो की सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर लागतो. आमच्याकडे लागला होता. जाता जाता सांगायचं तर कोलकात्याची जी जुनी कृषी-उद्यान संस्था आहे, अलीपूरला बाग असलेली, ती १८२० साली सुरू केली विल्यम केरीनं. म्हणजे १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा तोच केरी. आपल्या भाषेचे प्रत्यय मोजणारा माणूस पुढे रोपांच्या मागे लागला, हे मला फार आवडतं. पुण्याची अशीच संस्था १८३०ची, एम्प्रेस गार्डन चालवणारी. तिथल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात मी दरवर्षी जाते. डेलियाच्या टेबलापाशी उभी राहते, देठांची जाडी बघते आणि जळत घरी येते.

रोप चार-पाच पेरांचं झालं की त्याचा शेंडा खुडायचा. हे पहिल्यांदा करताना माझा हात थरथरला होता. एवढी वाट बघून वर आलेलं, आणि त्याचंच डोकं मोडायचं. पण खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते. नाही खुडला तर एकच उंच काठी आणि टोकाला एक फूल. पुढचं काम याहून कठीण. प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्या तीन येतात, मधली मोठी आणि दोन बाजूंना दोन लहान. ताटाएवढं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन्ही वाटाण्याएवढ्या असतानाच नखानं काढून टाकायच्या. मी पहिली काही वर्षं काढल्याच नाहीत. तिघींना सारखं मिळू दे, असा काहीसा विचार. तिघीही बेताच्या निघाल्या आणि फूल देठाला इतकं चिकटून की फुलदाणीत ठेवायलाही नाही. आता काढते. मात्र पाच-सहा झाडं अशी ठेवली आहेत की त्यांच्या वाटेला मी जात नाही. त्यातलं एक एकेरी पाकळ्यांचं आहे, मध्ये पिवळी टिकली. त्यावर मधमाश्या येतात. भरगच्च फुलांवर त्या येऊन परत जातात. त्यांच्या कामाचं तिथं आत काही सापडत नाही.

मिटलेलं फूल आणि न उमललेली कळी ही डेलियातली खरी परीक्षा. वाळलेली फुलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नवी कळी धरायला आळशी होतं. पण याची फुलं वाळून लोंबत नाहीत. पाकळ्या गळतात आणि खालची हिरवी दलं पुन्हा मिटतात. आता ही कळी की उतरलेलं फूल? कळी गोल असते, बटणासारखी, वरून किंचित चपटी, दाबली तर टणक. संपलेलं फूल टोकदार, लांबट, आणि दाबलं तर मऊ, कधी बोटाला ओलं लागतं. एका डिसेंबरात मी चार दिवस माहेरी गेले. नवऱ्यानं हौसेनं ‘वाळकी सगळी काढून टाकली’ असा फोन केला. परत येऊन बघते तर केराच्या डब्यात अकरा कळ्या. त्यांना मी काही बोलले नाही. अकरा कळ्या एका ताटलीत ठेवून ती ताटली जेवायच्या टेबलावर ठेवली, एवढंच.

त्यानंतर रोगराई. सकाळी दवाच्या दिवसांत पानांवर भुरी, उन्हं तापू लागली की पानाखाली लाल कोळी, शेंड्याला मावा. अवकाळी पावसाची एक सर आली की ताटाएवढी फुलं पाण्यानं जड होऊन पोकळ दांड्यांसकट मोडून पडतात. दांडा खरंच पोकळ असतो, बासरीसारखा. मेक्सिकोतल्या जुन्या लोकांनी याच्या एका जातीला दिलेल्या नावाचा अर्थच म्हणे पाण्याची नळी. याचा अनुभव मार्चमध्ये येतो. पानं पिवळी पडली की दांडे वीतभर ठेवून कापायचे आणि कंदांचा घोस काढून दोन दिवस उलटा टांगायचा. नळीतलं पाणी ठिबकत राहतं. ते तसंच राहिलं तर गळ्यापाशी कूज लागते. खोडाखालचे कंद थंडीत भरलेले असतात. दिवस लहान होत गेले की झाड वर फुलतं आणि खाली साठवतं. मग कंद धुवून, सुकवून, वाळूत. शहाबादी फरशीवर, पलंगाखाली, घरातल्या सगळ्यात गार जागी.

तिथंच ते आईंना सापडले.

चौदा वर्षं झाली असतील. आषाढी एकादशी. मी बँकेत, नवरा गावाला. आईंचा निर्जळीचा हट्ट डॉक्टरांनी मोडून काढला होता, तेव्हा फराळ करायचा होता. रताळी आणायची राहिली म्हणून त्या हळहळत होत्या, आणि कशाला तरी वाकल्या तर पलंगाखाली खोकं. वाळूत रताळी! पूर्वी कोकणात अशीच ठेवायचे. त्यांना वाटलं सूनबाईंनी बेगमी केली. त्यांनी सात-आठ काढली, धुतली, वरची ‘बुडखी’ विळीवर उतरवून सालांसोबत मागे टाकली आणि उकडायला ठेवली.

मी घरी आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसून होत्या. पुढ्यात ताटली. “अगं, ही रताळी कुठून आणलीस? चवच नाही. गूळ घातला तरी लागेना.” मी ताटली बघितली आणि मला काय झालंय ते कळायला क्षणभर लागला. सबंध त्या मोसमातले माझे सगळ्यात चांगले कंद, उकडून, वर तूप. त्या वर्षी मी राखेशिवाय काही लावलं नव्हतं म्हणून निभावलं. बुरशीनाशकात बुडवले असते तर काय, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही. आईंनाही आली नाही, पण ती पोटात गुबारा धरल्यामुळे. डेलियाच्या कंदात बटाट्यासारखा पिष्टमय भाग नसतो, इन्युलिन नावाचं काहीतरी असतं. ते आपल्याला पचत नाही. आतड्यातले जिवाणू त्याचा समाचार घेतात आणि त्याचा बोभाटा आपल्याला होतो.

मी तेव्हा खूप चिडले. बोलले नाही, पण भांडी जोरात आपटली. राग उतरल्यावर मात्र वाटलं, आईंचं इतकं चुकलं कुठे? आमच्या फराळाच्या ताटात काय असतं? रताळं, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्याचा करतात तो टॅपिओका, राजगिरा, वर हिरवी मिरची. सगळे समुद्रापलीकडून, त्याच अमेरिका खंडातून आलेले. भगर तेवढी आपली. एवढे सगळे उपासाला चालतात तर त्यांच्याच मुलखातल्या डेलियानं काय घोडं मारलंय? आणि आई काही पहिल्या नव्हत्या. १७८९च्या सुमारास मेक्सिकोहून हा स्पेनमध्ये माद्रिदच्या बागेत गेला. मग युरोपात काही काळ लोकांना वाटत होतं की हे बटाट्यासारखं खायला होईल. त्यांनी चव घेतली आणि निमूटपणे फुलांकडे वळले. १७९१ साली बागेच्या कावानिय्येस नावाच्या पंडितानं त्याचं नामकरण केलं ते अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. डाल तेव्हा वारलेला होता. ज्याच्या नावानं जगभर हे फूल ओळखलं जातं, त्याच्यापर्यंत ही बातमी पोचलीच नाही.

त्या वर्षी माझ्याकडे तीनच कंद उरले. नवरात्रात घट बसले त्या सुमाराची गोष्ट. मागच्या दारी वळचणीला आम्ही भाजीची सालं टाकतो, तिथं पागोळ्या पोचत नाहीत. त्या ढिगातून एक जाडसर, तांबूस कोंब वर आलेला दिसला. मला वाटलं भोपळा. पानं उघडली तेव्हा मी हातातली बादली खाली ठेवली. आईंनी विळीवर उतरवलेली बुडखी! खायचा भाग त्यांनी उकडला होता आणि नेमका डोळ्याचा भाग फेकून दिला होता. मी पहिल्या वर्षी गळे तोडून सहा कंद आंधळे केले, त्यांनी गळा तेवढा मातीला दिला.

आई रोज सकाळी काठी टेकत त्याला बघायला जाऊ लागल्या. खत माझं, पण पाणी त्यांचं. शेंडा खुडायला त्यांनी मनाई केली. बाजूच्या कळ्यांना हात लावू दिला नाही. नोव्हेंबरअखेर फूल आलं. गर्द लाल, वाळलेल्या कोकमासारखं, पाकळ्यांची टोकं जराशी पांढरट. मोठं नव्हतं, वाटीएवढं. त्यांनी ते तोडलं नाही, देवालाही वाहिलं नाही. खुर्ची मागच्या दारात मांडून घेतली आणि दुपारचे तांदूळ तिथं निवडले. कोणी आलंगेलं की सांगायच्या, “हे मी लावलंय.” कसं लावलं ते सांगायच्या नाहीत.

त्या जाऊन चार वर्षं झाली. झाड आहे. बी पेरून हे राहिलं नसतं. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, डेलियात आठ. त्यामुळे बियांतून काय येईल याचा नेम नाही, आईसारखं तर बहुधा नाहीच. पण कंदातून येतं ते मूल नसतं, तेच झाड असतं. दर मार्चला खणते, दर ऑक्टोबरला लावते. वळचणीला उगवलं होतं तेच.

त्याच्या खोक्यात एक पट्टी खोचलेली असते. बाकीच्या कंदांवर कॅटलॉगमधली नावं आहेत, विलायती, लांबलचक. या पट्टीवर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘आईंचं रताळं’.

परवा आषाढीला खोकं ओढलं. नऊ कंद होते. सातांना डोळे होते, ते परत वाळूत ठेवले. दोघांचे गळे मार्चमध्ये खणतानाच मोडले होते, ते आंधळे. या खोक्याला मी राखेशिवाय काही लावत नाही. दोन्ही घासून धुतले, सोलले, उकडले. वर तूप, जिरं, मीठ, थोडं ओलं खोबरं. आम्ही दोघांनी एकेक घेतला.

चव अजूनही काहीच नाही.